वजीर घ-पाच

१

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून खुशालराव बोंड्यांच्या घरात एक कायदा होता. दुपारी दोन ते चार त्यांना हाक मारायची नाही. जेवण आटोपलं, सुपारीचं खांड गालात गेलं, की ते पुढच्या खोलीत खिडकीशी बसत. टेबलावर लाकडी बुद्धिबळाचा पट, बाजूला वही, कानावर पेन्सिल. टेबलापलीकडे आणखी एक खुर्ची होती, पण तिच्यावर कोणी बसत नसे. त्यांची बायको आशाबाई वाळलेले कपडे आणून तिच्यावर टाकत आणि चार वाजता घड्या घालायला घेऊन जात.

गेलं वर्षभर या दोन तासांत एक पुस्तक तयार होत होतं. साठ कोडी, पानाला दोन, फावल्या वेळी खेळणाऱ्यांसाठी. एक आकृती, खाली ‘पांढऱ्याची खेळी, तीन चालींत मात’, आणि मागच्या पानांवर उत्तरं. चाली कशा लिहायच्या यावर खुशालरावांनी पहिली चार पानं खर्ची घातली होती. पटाचे आठ उभे रकाने, ए पासून एच पर्यंत. आठ आडव्या ओळी, एक ते आठ. एक नंबरची ओळ नेहमी पांढऱ्याच्या बाजूची. म्हणजे ‘हत्ती एच५’ म्हटलं की शेंदूरजनाघाटच्या संत्रा मंडीतल्या माणसाला आणि अमरावतीच्या प्राध्यापकाला एकच घर दिसलं पाहिजे. हे वाक्य त्यांना फार आवडायचं.

अमरावतीतच, राजकमल चौकामागच्या गल्लीत रागिणीचं टायपिंगचं दुकान होतं. ती आकृत्या जुळवून पानं छापून देई, खुशालराव ती घरी आणून तपासत. मार्चमधल्या एका मंगळवारी त्यांनी पहिली वीस पानं टेबलावर ठेवली, खुर्चीतच जरा डोळा लागला, आणि उठून पाहतात तर चौदाव्या कोड्याच्या समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं.

‘वजीर घ५.’

अक्षर बारीक होतं, जपून काढलेलं. खुशालरावांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पटावर घ नावाचा रकानाच नाही.

२

“काका, मी काहून लिहू?” रागिणी म्हणाली. “मले घोडा कसा चालते तेबी समजत नाई. अन् पेन्सिल तर माह्या दुकानातच नाई.”

ते खरंच होतं. खुशालराव हसले, दोन गोष्टी बोलले आणि घरी आले. खोडरबरने समास साफ केला. माणूस एकाहत्तराव्या वर्षी लिहितो आणि विसरतो, त्यात नवल काय? शेजारचे दोघं-तिघं तर जेवलो की नाही तेही विसरत होते.

दुसऱ्या दिवशी चौदाव्या कोड्यापाशी तीच अक्षरं परत आली होती. शिवाय बाविसाव्यापाशी ‘प्यादं छ४’ आणि एकतिसाव्यापाशी ‘राजा ख१’. खुशालरावांनी वही उघडून स्वतःचं अक्षर शेजारी धरलं. त्यांचा ‘ज’ तिरका, घाईचा. हा ‘ज’ शाळेत नुकताच गिरवल्यासारखा गोल. त्यांनी डाव्या हाताने लिहून पाहिलं, झोपाळू होऊन लिहून पाहिलं. जमलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्या पेन्सिली आणि पेनं गोळा केली, कपाटात टाकली आणि किल्ली बनियनच्या खिशात ठेवली. त्या दुपारी त्यांना झोप लागली नाही असं त्यांना वाटलं, पण मान एकदा पडली असावी. समास कोरा होता. बरं वाटलं. मग त्यांनी पान उचलून खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. कागदावर ओरखडा होता, नखाने काढलेला. वजीर घ५.

त्यांनी पान खाली ठेवलं. हात मांडीवर होते. पटावर चौदावं कोडं मांडलेलं होतं आणि त्याला त्यांनी बोटही लावलेलं नव्हतं.

साडेतीनला आशाबाई आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी तो कायदा पहिल्यांदा मोडला होता. हातात ताटली, तिच्यात दोन कप.

“दुसरा कोनाले?” खुशालरावांनी विचारलं.

“तुमच्या पाहुन्याले.” आशाबाईंनी खोलीभर नजर फिरवली. “गेले का? इतक्यात?”

“कोन पाहुना? कोनीच नाई आलं.”

“मंग दोघायचा आवाज कसा येऊन राहिला होता जी? टक, टक. तुमी सोंगटी ठेवता थे मले मालूम हाये, दणकन ठेवता. दुसरं कोनी हळूच ठेवून राहिलं होतं.” त्यांनी पदराने कपाळ टिपलं. “म्हनून तं म्या कपडेबी खुर्चीवर नाई टाकले. म्हटलं, कोनी बसलं असन.”

वाळलेले कपडे आतल्या पलंगावरच राहिले होते. खुर्ची रिकामी होती आणि टेबलाजवळ ओढलेली होती.

दुसरा कप खुशालरावच प्यायले.

३

त्यांचं डोकं हिशेबी होतं. एक्सचेंजमध्ये हजारो तारांतून बिघडलेली तार शोधण्यात हयात गेलेली. त्यांनी भुताखेतांचा विचार केला नाही. त्यांनी विचार केला तो एवढाच की लिहिणाऱ्याने क, ख, ग, घ असे रकाने धरले असतील तर घ हा चौथा. म्हणजे डी. वजीर डी५. पटावर लावून पाहिलं तर पांढरा वजीर त्या घरात जाऊच शकत नव्हता, काळाही नाही. बाविसाव्याचंही तेच, एकतिसाव्याचंही तेच. तिन्ही चाली अशक्य. म्हणजे कोणीतरी अडाणीपणाने खरडलेलं.

हे ठरल्यावर त्यांना जरा हलकं वाटलं आणि ते खिडकी लावायला उठले. खिडकी लावून वळले तेव्हा ते टेबलाच्या पलीकडे, त्या रिकाम्या खुर्चीमागे उभे होते. काळ्याच्या बाजूला.

इकडून पट वेगळाच दिसत होता.

खुशालराव खुर्चीवर बसले. एवढ्या वर्षांत ते तिथे कधी बसले नव्हते. इकडून डावीकडचा पहिला रकाना एच. त्याला क म्हटलं तर ख म्हणजे जी, ग म्हणजे एफ, घ म्हणजे ई. आणि ओळी इकडून मोजल्या, आपल्याकडून, तर पाचवी ओळ म्हणजे पांढऱ्याची चौथी.

वजीर ई४.

त्यांच्या छापलेल्या उत्तरात पांढरा दुसऱ्या चालीला आपला हत्ती एच५ वर आयता नेऊन ठेवतो. काळ्याचं प्यादं तो खातं, वाट मोकळी होते आणि पांढरा वजीर जी५ वर येऊन मात करतो. सुंदर कोडं. पण काळ्याने हत्ती खायलाच हवा असं कुठे होतं? काळ्याने हत्तीकडे ढुंकूनही न पाहता वजीर ई४ वर आणला, तर पांढऱ्याचा वजीर जागचा हलू शकत नव्हता. तो हलला की काळा वजीर सरळ पहिल्या ओळीत उतरत होता आणि तिथे पांढरा राजा आपल्याच तीन प्याद्यांमागे कोंडलेला होता. मात पांढऱ्याला बसत होती.

बावीसही मोडलं. एकतीसही मोडलं.

खुशालरावांच्या मानेवर घाम आला, पण तो काही कोडी मोडल्याचा नव्हता. घरं काळ्याच्या बाजूने, क-ख-ग-घ म्हणून मोजणारं माणूस त्यांनी आयुष्यात एकच पाहिलं होतं. त्यांची धाकटी बहीण, जयवंता.

४

माळ्यावरच्या पेटीत जुनी वही होती. हिवरखेडच्या शाळेत असतानाची, निळ्या शाईची. त्यातून त्यांनी पुस्तकासाठी अकरा कोडी घेतली होती. आपले जुने विजय म्हणून. प्रत्येक डावावर ‘पांढरा: खुशाल’ असं लिहिलं होतं. ‘काळा’ याच्यापुढे काहीच नव्हतं. घरातली पोरगी, तिचं नाव काय लिहायचं, असं तेव्हा वाटलं असणार.

चौदा, बावीस, एकतीस. तिन्ही या वहीतली. रागिणीने अजून पुढची पानं दिली नव्हती.

ओट्यावर डाव मांडला जायचा. मास्तरांनी टाकून दिलेला पुठ्ठ्याचा पट, दोन हरवलेल्या प्याद्यांच्या जागी चिंचोके. खेळायला कोणी नव्हतं म्हणून खुशालने बहिणीला शिकवलं. पांढरे नेहमी त्याचे, कारण तो मोठा. ती इंग्रजी अक्षरं अजून शिकली नव्हती, म्हणून तिने आपले आपले रकाने पाडले, आपल्याकडून. ती हरायची, सोंगट्या गोळा करायची आणि पुन्हा मांडायची.

शेवटचा डाव त्यांना आठवत नव्हता असं नाही. त्यांनी तो आठवायचं सोडून दिलं होतं. ती अकरा वर्षांची, ते पंधराचे. त्यांनी हत्ती आयता ठेवला. तिने खूप वेळ पाहिलं, मग वजीर उचलला आणि हळूच चार घरं पुढे ठेवला. खुशालने पट पाहिला. मग “आई आवाज देऊन राहिली” म्हणत तो उठला आणि उठताना त्याचा हात पटाला लागला. लागला म्हणजे, लावला. सोंगट्या ओट्याखाली घरंगळल्या. जयवंताने त्या वेचून डब्यात भरल्या, दोन चिंचोक्यांसकट. त्यानंतर ती कधी खेळली नाही. संध्याकाळी खुशालने वहीत डाव उतरवला तेव्हा काळ्याने हत्ती खाल्ला आणि पांढऱ्याने मात केली.

आणि आता ते छापायला दिलं होतं.

त्यांनी हिवरखेडला फोन लावला. जयवंता लग्न होऊन गावातल्याच दुसऱ्या आळीत गेली होती, तिचा संसार तिथेच झाला. सुनेने, सीमाने, फोन उचलला.

“मामाजी, तुमी? लय दिवसानं.”

“जया कशी हाये?”

“तशीच जी. अकोल्याच्या दवाखान्यातून आनल्यापासून तशीच. उजवी बाजू गेली थे गेली, बोलनं बी बंद. आठ महिने होतीन आता.” आठ महिन्यांत मामाजी एकदाही आले नव्हते, हे तिने म्हटलं नाही. “जेवून घेते, पाहते, समजते सगळं. फकस्त दुपारचं मात्र कसंतरीच करते.”

“काय करते?”

“दोन वाजले का डोये लावते अन् डाव्या हाताचं नख गोधडीवर घासत राह्यते. रेघा मारल्यावानी. मी हात धरला तं इतकी ताकद का इचारू नका. चार वाजले का सोडते.”

५

दुसऱ्या दिवशी दुपारी खुशालराव पुढच्या खोलीत बसले नाहीत. चौदावं कोडं मांडलं, खुर्ची टेबलापासून लांब सारली, आणि आतल्या खोलीत पलंगावर जाऊन बसले. मधलं दार अर्धं उघडं होतं. त्यातून टेबल दिसत नव्हतं, पण समोरच्या भिंतीवरचा बंद टीव्ही दिसत होता आणि त्याच्या काळ्या काचेत पुढची खोली उमटली होती. खिडकीची चौकट, टेबलाची कड.

आशाबाई शेजारी येऊन बसल्या. नवऱ्याने त्यांना काही सांगितलं नव्हतं, त्यांनी काही विचारलं नव्हतं. दोघंही भिंतीला पाठ लावून, दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसावं तसे बसून राहिले.

गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग बाहेरचे आवाज जरा दूर गेल्यासारखे झाले आणि पुढच्या खोलीत खुर्चीचा पाय फरशीवर घासला. एकदा. थोडं थांबून पुन्हा एकदा, जड वस्तू ओढताना लहान माणूस दम घेतं तसं.

खुशालरावांनी टीव्हीकडे पाहिलं. काचेत टेबलाची कड होती. तिच्याखाली, खुर्चीच्या बसण्याच्या जागेपासून खाली, दोन पाय लोंबत होते. जमिनीला टेकत नव्हते. एक पाय दुसऱ्यावर हळूहळू घासला जात होता, विचार करताना घासावा तसा.

टक. हळूच.

“खेळू द्या तिले,” आशाबाई कुजबुजल्या. त्यांनी नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं होतं. त्यांना कोण दिसलं, त्यांनी ‘तिले’ का म्हटलं, हे खुशालरावांनी पुढेही विचारलं नाही.

ते उठून गेले तेव्हा खुर्ची रिकामी होती. काळा वजीर ई४ वर होता. आणि पांढरा राजा हार मानून आडवा पडलेला नव्हता. तो उभाच होता, आपल्या घरात, कोणीतरी उत्तर देण्याची वाट पाहत.

खुशालराव त्याच संध्याकाळी रागिणीच्या दुकानात गेले, जुन्या वहीतल्या अकरा कोड्यांचे आकडे सांगितले आणि छपाई थांबवली.

“अकरा कोडी काढून टाकायची?” रागिणीने विचारलं. “इतकी मेहनत केली ना काका.”

“काढायची नाई. दुरुस्त करायची. चौदाव्याखाली लिही, काळ्याची खेळी अन् काळा जिंकतो.” ते जरा घुटमळले. “अन् प्रत्येकाखाली नाव टाक. काळा, जयवंता. सांगतो तसं टाईप कर.”

समासातले ओरखडे थांबले. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत एकही उमटला नाही. आशाबाई पुन्हा खुर्चीवर कपडे टाकू लागल्या. एखाद्याने तेवढ्यावर समाधान मानलं असतं. खुशालरावांना मात्र दुपारी बसवेना. रविवारी सकाळी त्यांनी पट आणि सोंगट्यांचा डबा पिशवीत घातला आणि आशाबाईंना घेऊन अकोटची एसटी धरली. अकोटहून हिवरखेड.

६

जयवंता खिडकीखाली बाजेवर होती. पाठीशी दोन उशा, अंगावर गोधडी. चेहरा एका बाजूला उतरलेला, केस सुनेने नीट विंचरलेले. उजवा हात गोधडीवर पालथा ठेवलेला होता, जागच्या जागी, कोणीतरी ठेवल्यासारखा. डाव्या हाताखालची गोधडी एवढ्याशा जागेत विरून फाटली होती.

सीमाने पाणी दिलं. आशाबाई तिच्या मागे स्वयंपाकघरात गेल्या. खुशालराव बाजेशी स्टूल ओढून बसले.

“जये,” ते म्हणाले, आणि बसमध्ये जुळवून ठेवलेलं पुढचं सगळं विसरले. “थो शेवटचा डाव. तूच जिंकली होती. आईनं काई आवाज दिला नव्हता. पट म्याच मोडला.”

तिचा चेहरा हलला नाही. तो हलूच शकत नव्हता. डोळे मात्र स्वच्छ होते, अकरा वर्षांच्या पोरीचे असावेत इतके. तिने भावाला नीट पाहून घेतलं.

“एक डाव मांडू काय?”

पापण्या एकदा मिटल्या आणि उघडल्या.

त्यांनी बाजेच्या कडेला पाट ठेवला, पाटावर पट, आणि सोंगट्या मांडल्या. सवयीने पांढरे आपल्याकडे. मांडून झाल्यावर वर पाहिलं. जयवंता पटाकडे पाहत नव्हती. ती त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत होती.

रागाने नव्हे. उसनं मागायला आलेलं माणूस दारात उभं राहतं, बोलत नाही, तसं ती पाहत होती. खुशालरावांना एकदम वाटलं, उठावं. बायकोला हाक मारावी, अडीचची गाडी मिळते म्हणावं. त्यांनी हात पाठीमागे घेतलासुद्धा. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, आशाबाई कशावर तरी हसत होत्या. दार चार पावलांवर होतं.

बाहेर ओट्यावर ऊन होतं. याच गावात, असल्याच एका ओट्याखाली वाकून ती सोंगट्या वेचत होती तेव्हा ते वर उभे राहून पाहत होते. एकही त्यांनी उचलली नव्हती.

खुशालरावांनी हात पुढे आणला. पटाची कड धरली आणि पट सावकाश फिरवला, एकही सोंगटी न हलवता. पांढरे जयवंताकडे गेले.

“तू काढ पहिली चाल,” ते म्हणाले.

थोडा वेळ काही झालं नाही. मग गोधडीवरचा उजवा हात, आठ महिने कोणी उचलून ठेवील तिथे पडून राहणारा हात, बोटांच्या टोकांपासून जागा झाला. आधी एक बोट, मग मनगट. तो पाटापर्यंत आला, वजिरापुढच्या प्याद्यावर थांबला, त्याला उचललं आणि दोन घरं पुढे ठेवलं. हळूच. टक.

ताक घेऊन आलेल्या सीमाच्या हातून पेला पडला. “आईचा हात! अवं मामीजी, धावा, आईचा हात पाहा!” ती हसत होती, रडत होती, शेजारच्या माणिकबाईला हाक मारायला तशीच बाहेर पळाली. आशाबाई ओले हात पदराला पुसत दारात आल्या. पटाकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“तुमची पाळी हाये जी,” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

खुशालरावांनी मान हलवली. त्यांचा उजवा हात मांडीवर होता. त्यांनी त्याला मनातल्या मनात सांगितलं, ऊठ. काळं प्यादं समोरच होतं, वीतभर अंतरावर. हात उठला नाही. दुखत नव्हतं, मुंग्याही नव्हत्या. तो फक्त तिथे होता, दुसऱ्या कोणाचा तरी मांडीवर आणून ठेवावा तसा.

त्यांनी वर पाहिलं. जयवंता त्यांच्याकडे पाहत होती, आणि तिच्या उतरलेल्या ओठाची कड किंचित वर आली होती.

“थांब जये,” खुशालराव म्हणाले. जीभ जड झाली होती, पण शब्द नीट आले. “इचार करून राहिलो.”

जयवंता थांबली. तिला काही घाई नव्हती.